कडू पाण्याचे मीठ : एका रामबाण उपायाचा इतिहास

बागकामाच्या पुस्तकांत, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतल्या सदरांत आणि रोपवाटिकांतल्या तोंडी सल्ल्यांत एक वाक्य मंत्रासारखे पुनःपुन्हा भेटते : एक लिटर पाण्यात एक चमचा एप्सम सॉल्ट विरघळवून महिन्यातून एकदा झाडांना घालावे. झाड गुलाबाचे असो, टोमॅटोचे असो वा कुंडीतल्या लिंबाचे, वाक्य बदलत नाही. त्याचे फलही ठरलेले असते. पाने हिरवीगार होतात, फुले भरभरून येतात, फळ गोड होते. या वाक्याची रचना जरा निरखून पाहण्यासारखी आहे. त्यात द्रव्य आहे, प्रमाण आहे, वारंवारता आहे, फलश्रुतीही आहे. नाही तो फक्त 'जर'. कोणत्या मातीत, कशाची उणीव असताना, ही अट त्यातून गळून पडली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा गळून पडलेला 'जर' आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना खतामिठाच्या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की सल्ला हादेखील एक लेखनप्रकार आहे, आणि इतर लेखनप्रकारांप्रमाणे त्यालाही पूर्वपरंपरा असते. एप्सम सॉल्टविषयी आज जे लिहिले जाते त्याची भाषा वनस्पतिशास्त्रातून आलेली नाही. ती एका जुन्या झऱ्याच्या काठावर, माणसांच्या पोटाविषयी बोलताना तयार झाली. झाडांपर्यंत ती कशी पोहोचली, आणि वाटेत तिने काय गमावले, हे पाहण्यासारखे आहे.

१

एप्सम हे इंग्लंडच्या सरे परगण्यातले गाव, लंडनच्या नैर्ऋत्येला वीस-बावीस किलोमीटरवर. तिथल्या पाण्याची मूळकथा थॉमस फुलर याने इंग्लंडमधील थोरामोठ्यांविषयी लिहिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १६६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात येते. १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात गुरांच्या पाण्याचे दुर्भिक्ष झाले. हेन्री विकर नावाच्या माणसाला माळावर जनावराच्या खुराने पडलेल्या खळग्यात थोडे पाणी साचलेले दिसले. त्याने खळगा खणून मोठा केला, तो पाण्याने भरला. पण तहानलेली गुरे त्याला तोंड लावीनात. पाणी कडू होते.

दैवी पुरुष, दृष्टान्त, चमत्कार यांपैकी काहीही नसलेली अशी ही मूळकथा आहे. या पाण्याचा पहिला परीक्षक गुरांची जीभ होती आणि तिचा निकाल प्रतिकूल होता. माणसांनी मात्र तो फिरवला. आधी जखमा धुण्यासाठी आणि पुढे रेचक म्हणून हे पाणी वापरात आले. त्या काळच्या युरोपीय वैद्यकात शरीरातील चार द्रवांचा समतोल म्हणजे आरोग्य, आणि बिघडलेला द्रव बाहेर काढणे म्हणजे उपचार, अशी धारणा होती. रक्त काढणे, वांती करवणे, जुलाब देणे हे उपाय म्हणूनच जवळजवळ प्रत्येक रोगावर चालत. रोग कोणता हा प्रश्न दुय्यम. शरीर स्वच्छ झाले की ते आपोआप सुधारेल. कडू पाणी सर्व रोगांवर चालते, या समजुतीचे बीज या वैद्यकात आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एप्सम हे लंडनकरांचे आवडते ठिकाण झाले. सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत १४ जुलै १६६७ च्या रविवारची नोंद आहे : त्याने तिथे चार पाइंट पाणी, म्हणजे सुमारे दोन लिटर, प्याल्याचे लिहिले आहे. थॉमस शॅडवेलचे 'एप्सम वेल्स' हे प्रहसन १६७२ साली रंगभूमीवर आले. झऱ्यावर पाणी पिण्याच्या निमित्ताने जमणारी माणसे, त्यांची प्रेमप्रकरणे, फसवणुकी आणि खेड्याला नावे ठेवणारे नागर नखरे हे त्याचे विश्व. औषधाला प्रतिष्ठा मिळते ती काही अंशी त्याच्या गुणाने आणि काही अंशी ते घेण्याला लाभलेल्या समारंभाने. एप्समच्या पाण्याला दोन्ही लाभले.

२

या पाण्यात नेमके आहे तरी काय, हा प्रश्न ज्याने पद्धतशीरपणे हाती घेतला तो माणूस योगायोगाने वनस्पतींचा अभ्यासक होता. नेहेमाया ग्रू हा पेशाने वैद्य, काही काळ रॉयल सोसायटीचा सचिव, आणि १६८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ प्लान्ट्स' या ग्रंथाचा कर्ता. सूक्ष्मदर्शकाखाली मूळ, खोड, पान, परागकण पाहून त्यांची चित्रे काढणारा हा माणूस इटलीतल्या मालपिघीच्या बरोबरीने वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या शास्त्राचा संस्थापक मानला जातो. त्याने एप्समचे पाणी आटवून त्यातले कडू मीठ वेगळे केले आणि १६९५ साली त्याविषयी लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. १६९८ साली त्याला या मिठाच्या निर्मितीचे राजपेटंटही मिळाले.

पाण्याचे मीठ झाले तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट घडली. औषध आपल्या स्थळापासून सुटे झाले. आता एप्समला जाण्याची गरज उरली नाही. पुडी घरी आणता येऊ लागली. आणि जे पुडीत बांधता येते ते विकता येते. फ्रान्सिस मोल्ट या औषधविक्रेत्याने ग्रूच्या लॅटिन प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर त्याच्या अनुमतीशिवाय १६९७ साली छापले. मोल्ट बंधू स्वतःच हे मीठ तयार करून विकत होते. भाषांतर म्हणजे त्यांच्या मालाची जाहिरात होती. अस्सल मीठ कोणाचे यावर मग वाद जुंपला. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लिमिंग्टनच्या मिठागरांत, मीठ धरून झाल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यापासून हेच द्रव्य मोठ्या प्रमाणावर निघू लागले. ते स्वस्त झाले, एप्समच्या झऱ्याशी त्याचा संबंध सुटला, नाव तेवढे चिकटून राहिले.

या प्रकरणातली विचार करण्याजोगी बाब ग्रूची आहे. पानाची अंतर्रचना आणि कडू मीठ, दोन्ही त्याच्याच टेबलावर होती. परंतु दोहोंमध्ये काही नाते असेल असा प्रश्न विचारण्याची भाषाच त्या काळात नव्हती. मीठ हे वैद्यकाच्या कोशातले पद होते आणि पान हे वनस्पतिशास्त्राच्या. ते नाते शब्दांत यायला आणखी दोन शतके जावी लागली.

३

ती भाषा घडत होती ती दुसरीकडे, शेतीविषयक चिंतनात. झाड कशावर जगते, या प्रश्नाला सतराव्या-अठराव्या शतकांतील विचारवंत एकवचनी उत्तर शोधत होते. फॉन हेल्मोंटने एका कुंडीत विलो लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाडाचे वजन पुष्कळ वाढले, मातीचे जवळजवळ घटले नाही. म्हणून झाड पाण्याचेच बनते असा निष्कर्ष त्याने काढला. तो १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ग्लाउबरने १६५६ साली गोठ्यातल्या मातीतून मिळणारा सोरा हेच वनस्पतिजीवनाचे मूलतत्त्व ठरवले. जेथ्रो टल याला ते मातीच्या बारीक कणांत सापडले. पाणी, सोरा, माती : उत्तरे वेगवेगळी, पण सर्वांचे व्याकरण एकच. तत्त्व एक असले पाहिजे.

या व्याकरणाला छेद देणारा प्रयोग १७५०च्या दशकात एडिंबरोमध्ये झाला, आणि त्यात एप्सम सॉल्ट होते. फ्रान्सिस होम हा तिथला वैद्य. रसायनशास्त्राच्या आधारे शेतीची तत्त्वे कितपत निश्चित करता येतील हे तपासण्याचे काम तिथल्या एका विद्वत्संस्थेच्या प्रेरणेने त्याने हाती घेतले. त्याने कुंड्या घेतल्या, त्यांत रोपे वाढवली आणि निरनिराळ्या कुंड्यांत निरनिराळी द्रव्ये घालून वाढीची तुलना केली. सोरा, एप्सम सॉल्ट आणि पोटॅशियम सल्फेट या तिन्हींनी वाढ सुधारली. १७५७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात वनस्पतीचे अन्न एक नसून सहा प्रकारचे आहे, असा निष्कर्ष येतो : हवा, पाणी, माती, विविध क्षार, तेल आणि स्थिर अवस्थेतला अग्नी. आज ही यादी विचित्र वाटते. पण तिचे महत्त्व तिच्या अनेकवचनात आहे. झाडाला एक गोष्ट लागत नाही, अनेक लागतात. आणि कोणती लागते हे कुंडीगणिक तपासून पाहावे लागते. कुंडीतल्या झाडाला एप्सम सॉल्ट घालण्याच्या इतिहासातले हे पहिले ठळक पान 'रामबाण' या कल्पनेच्या विरोधातला पुरावा म्हणून लिहिले गेले, हे विसरता कामा नये.

त्याच दशकात जोसेफ ब्लॅक या दुसऱ्या वैद्याने याच मिठावर वेगळे काम केले. मूतखड्यावर सौम्य उपाय शोधताना त्याने एप्सम सॉल्टच्या द्रावणात पर्ल अ‍ॅश, म्हणजे राखेतून काढलेला क्षार, घालून पांढरा मॅग्नेशिया मिळवला. तो तापवल्यावर त्यातून एक वायू निघून जातो आणि वजन घटते, हे मोजून दाखवले. चुन्याहून मॅग्नेशिया भिन्न आहे हे त्याने सिद्ध केले, आणि निसटणाऱ्या त्या वायूला 'स्थिर वायू' म्हटले. तो आपला कार्बन डायऑक्साइड. हे काम १७५४ च्या प्रबंधातून सुरू होऊन १७५६ साली सविस्तर प्रसिद्ध झाले. पानाच्या हिरवेपणाला आवश्यक असलेले द्रव्य आणि पान हवेतून जो वायू घेते तो, या दोहोंची ओळख एकाच प्रयोगमालेत पटली. ब्लॅकच्या मनात तेव्हा झाड नव्हते. रुग्णाचा मूत्राशय होता.

४

एकोणिसाव्या शतकाने या साऱ्याला मोजमापाची शिस्त दिली. हम्फ्री डेव्हीने १८०८ साली विजेच्या साहाय्याने मॅग्नेशियम हा धातू वेगळा केला. पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी १८१७ साली पानातल्या हिरव्या द्रव्याला 'क्लोरोफिल' हे नाव दिले. श्प्रेंगेलने मांडलेला आणि १८४० नंतर लीबिगने लोकप्रिय केलेला 'न्यूनतमाचा नियम' आला. वाढ किती होईल हे सर्वांत तुटपुंज्या घटकावर ठरते. जो घटक आधीच पुरेसा आहे तो आणखी ओतून काही साधत नाही. इथे हरवलेला 'जर' स्पष्ट शब्दांत हाती येतो. जर मॅग्नेशियम न्यूनतम असेल, तरच मॅग्नेशियमने फरक पडेल.

परंतु नियम सांगणे वेगळे आणि बाजारात उभे राहणे वेगळे. खुद्द लीबिगने १८४५ साली स्वतःचे पेटंट खत इंग्लंडमध्ये विक्रीस आणले. त्यातले क्षार पावसाने वाहून जाऊ नयेत म्हणून ते न विरघळणाऱ्या रूपात बांधले होते. परिणामी ते मुळांनाही मिळेनात, आणि खत फसले. न्यूनतमाचा नियम लोकप्रिय करणाऱ्याला देखील 'हे घाला आणि पीक येईल' या विक्रेत्याच्या वाक्याचा मोह आवरला नाही.

याच सुमारास हर्टफर्डशरमधील रॉथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांचा गव्हाचा प्रयोग सुरू झाला. १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात सुरू झालेला हा प्रयोग आजही चालू आहे. तिथे शेताचे पट्टे पाडून कोठे काहीच नाही, कोठे शेणखत, कोठे फक्त खनिज क्षार, कोठे नत्र आणि स्फुरद यांच्या जोडीला पालाश, सोडा किंवा मॅग्नेशिया यांपैकी एकच, अशी विभागणी केली गेली. मॅग्नेशिया दिला जाई तो सल्फेटच्या, म्हणजे एप्समच्या मिठाच्या रूपात. ज्या पट्ट्याला स्फुरद, पालाश, सोडा आणि मॅग्नेशिया हे सारे दिले पण नत्र दिले नाही, तिथले पीक काहीच न दिलेल्या पट्ट्याहून फारसे पुढे गेले नाही. नत्र मिळताच उत्पन्न वाढले. त्या मातीत तुटवडा नत्राचा होता. कडू मीठ तिथे घातले गेले, मोजले गेले, आणि त्याला त्याची जागा दाखवून देण्यात आली.

याचा अर्थ मॅग्नेशियम निरुपयोगी असा मुळीच नाही. १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी मातीशिवाय, निव्वळ पाण्यातल्या क्षारांवर झाडे वाढवून दाखवली. क्नोपच्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, थोडे लोह आणि मॅग्नेशियम सल्फेट होते. यातला एक क्षार वगळला की झाड खुरटते. १९०६ च्या सुमारास झ्युरिकला रिखार्ड व्हिलश्टेटर याने क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम हा अंगभूत घटक असल्याचे दाखवले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्याला १९१५ चे नोबेल मिळाले. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जे स्थान लोहाचे, ते पानातल्या क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियमचे. ग्रूच्या टेबलावर एकमेकांना न ओळखता पडून राहिलेल्या दोन वस्तूंची ओळख अशी विसाव्या शतकात पटली.

या शोधाने एक विपरीत परिणामही घडवला. 'मॅग्नेशियम हिरव्या रंगाच्या केंद्रस्थानी असते' हे विधान खरे आहे. त्यातून 'मॅग्नेशियम घातले की झाड अधिक हिरवे होते' हे विधान सहज निघते, आणि ते खरे असेलच असे नाही. आवश्यक असणे आणि उणे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसाव्या शतकातल्या बागकामाच्या साहित्याने त्या एक केल्या. हे करताना त्याच्या मदतीला आली ती झऱ्याकाठची जुनी शब्दकळा : डोस, टॉनिक, ताकद. पोट साफ करून सारे शरीर सुधारणारे मीठ आता मुळांवाटे सारे झाड सुधारू लागले. रुग्ण बदलला, वाक्य तेच राहिले.

५

आता हे वाक्य जमिनीवर तपासून पाहू. शुद्ध एप्सम सॉल्टच्या स्फटिकात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. सुमारे १० टक्के मॅग्नेशियम आणि १३ टक्के गंधक. नत्र, स्फुरद, पालाश यांपैकी काहीही नाही. म्हणून ते सर्वसाधारण खत होऊच शकत नाही. मॅग्नेशियमची उणीव ओळखण्याची खूण अशी की आधी खालची, जुनी पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. कारण झाड जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून नव्या पालवीकडे पाठवते. याउलट शेंड्याची कोवळी पाने अशी पिवळी पडत असतील तर बहुधा लोहाची उणीव असते. दख्खनच्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीत ही तक्रार नेहमीची आहे आणि तिथे एप्सम सॉल्टचा काही उपयोग नाही. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत मॅग्नेशियमचा साठा सहसा चांगला असतो. उणीव जाणवते ती वाळूमिश्रित, आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेल्या जमिनीत, किंवा पालाशयुक्त खतांचा मारा झाला असेल तिथे.

टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते तेव्हा एप्सम सॉल्ट घाला, हा सल्ला तर उलट्या दिशेने नेणारा आहे. ती विकृती फळाला कॅल्शियम न पोहोचल्याची असते, आणि त्यामागे बहुधा अनियमित पाणी असते. जादा मॅग्नेशियम मुळांपाशी कॅल्शियमशी स्पर्धा करते, म्हणजे आजार वाढण्याचीच शक्यता. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील लिंडा चॉकर-स्कॉट यांनी अशा बागायती समजुतींची जी चिकित्सा केली आहे, तीत एप्सम सॉल्टचाही समावेश आहे. सरसकट वापराला शास्त्रीय आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. महाराष्ट्रात कापसाची पाने लाल पडण्याच्या 'लाल्या' या विकृतीत मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी हा कृषी विद्यापीठांच्या शिफारशींतला परिचित उपाय आहे. द्राक्षबागांतही पानाचे पृथक्करण करून ते दिले जाते. कोकोपीटवर वाढवलेल्या कुंड्यांत, रोज पाणी निथळून जात असेल तर, मॅग्नेशियम खरोखर कमी पडू शकते. मात्र या प्रत्येक उदाहरणात आधी पीक, माध्यम आणि लक्षण येते आणि मग मीठ. शेतकऱ्याला मिळणाऱ्या शिफारशीत 'जर' शाबूत असतो, कारण तिथे चुकीची किंमत हंगामाच्या रूपाने मोजावी लागते. गच्चीवरल्या कुंडीला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात तो गळतो, कारण तिथे काही बिघडले तर ते कोणी मोजत नाही. नको असलेले क्षार कुंडीत साचत राहतात, मुळांना पाणी ओढणे जड जाते, पानांच्या कडा करपतात. आणि मग त्या करपलेल्या पानांसाठी आणखी एक चमचा सुचवला जातो.

एप्सम सॉल्टच्या चारशे वर्षांत दोन प्रश्न समांतर चालत आले आहेत. 'यात काय आहे?' हा ग्रू, ब्लॅक, क्नोप आणि व्हिलश्टेटर यांचा प्रश्न. 'हे कशाकशावर चालते?' हा झऱ्याच्या, पुडीच्या आणि जाहिरातीचा प्रश्न. पहिल्याची उत्तरे हळूहळू मिळाली आणि प्रत्येक उत्तराने मिठाचे कार्यक्षेत्र अधिक नेमके, म्हणजे अधिक लहान केले. दुसऱ्याचे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होते : सगळ्यावर. होमच्या कुंड्या या दोन प्रश्नांच्या मधोमध उभ्या आहेत. त्याने झाडाला एप्सम सॉल्ट घातले, आणि शेजारी ते न घातलेली कुंडीही ठेवली. आपल्या गच्चीवरही एवढे करता येण्याजोगे आहे. सारख्या मातीच्या, सारख्या रोपाच्या दोन कुंड्या घ्याव्यात, एकीत मीठ घालावे, दुसरीत घालू नये आणि दोन महिने पाहावे. सल्ल्यातून गळलेला 'जर' परत मिळवण्याचा याहून साधा मार्ग नाही, आणि त्याला पुडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्चही येत नाही.